चार घरांची वाटणी

आक्का, तू गेलीस तेव्हा मी रडले नाही. गल्लीनं ते बघितलं, आणि गल्ली त्यावर बोलणार हे तुला सांगायला नको. तुझ्या उशाशी बसून मी तुझा उजवा हात बघत होते. डॉक्टरनं मिश्री बंद केल्यापासून तुझं ते काळं बोट उजळलं होतं, पण अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पडलेला घट्टा तसाच होता. मला वाटत होतं, आता डोळे उघडशील आणि म्हणशील, "सुमे, बघत काय बसली, चहा टाक." मग मला राहिलेलं भांडण पुरं करता आलं असतं. आपलं भांडण राहिलंय, आक्का. त्यामुळंच रडू येईना.

पुंडलिकनगरच्या त्या शेवटच्या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा वैशू दुसरीत होती. माझे हे वाळूजला एका कंपनीत मशीनवर होते, कंपनीची बस चौकापर्यंत यायची, म्हणून ही खोली घेतली. तू समोरच्या दारात उकिडवी बसून मिश्री लावत होतीस. आमचं सामान उतरताना तू एकेका वस्तूवर बोललीस. कपाट बघून म्हणालीस, "लग्नातलं दिसतंय." मग मला बघून, "ही पण लग्नातलीच दिसती, अजून लाजती!" मला असा राग आला होता की बरेच दिवस मी तुझ्यासमोर दार लावून घ्यायचे. मग एकदा हे सेकंड शिफ्टला असताना वैशूला ताप चढला. तू न विचारता आत आलीस, तिला उचललंस आणि दादांच्या रिक्षात नेऊन बसवलंस. दादा म्हणजे तुझे मालक, गल्लीतला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. तू एवढी तोंडाळ कशी झालीस, याचं उत्तर मला त्यांच्याकडं बघून मिळायचं. त्या घरात कुणीतरी बोलायला नको का?

मंदी हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पेपरात लांबच्या देशातल्या बँकांचं काहीबाही यायचं, तो पेपर आपण भज्यांखाली घालत होतो. मग कंपनीच्या बसमधून उतरणारी माणसं कमी व्हायला लागली. आधी ओव्हरटाईम गेला. मग ठेक्यावरची पोरं गेली. मग परमनंट लोकांनाही सांगितलं, बोलावू तेव्हा या. यांनाही तसंच सांगितलं, आणि बोलावणं आलं नाही.

भर दुपारी गल्लीत पुरुष दिसायला लागले. दुपारी घरात नेमकं बसायचं कुठं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बाई झाडायला लागली की उठून बाहेर जायचे, बाहेर दुसरा तसाच उभा असला की परत आत यायचे. निळे युनिफॉर्म बायकांनी धुऊन घडी घालून ठेवले होते. पुढं त्याच पँटींच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या. चहातलं दूध कमी झालं, केबल कापली गेली, इंग्लिश शाळेतली पोरं मराठी शाळेत आली. कुणी कुणाला विचारत नव्हतं, कारण विचारलं की आपलंही सांगावं लागायचं. तू मात्र विचारायचीस. "आज काय केलं गं, सुमे?" मी म्हणायचे, पिठलं. "काल पण पिठलंच होतं, आज त्याला दुसरं नाव तरी दे," असं म्हणून तू हसायचीस. मला तुझं हसणं तेव्हा सहन व्हायचं नाही. आज त्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते देईन.

यांनी काही दिवस काम शोधलं आणि मग सोयगावला गेले. तिथं सासऱ्यांच्या जमिनीच्या तुकड्यात यांचा वाटा होता. तिथून अधूनमधून एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून पाठवायचे, तेवढंच काय ते. मी मागं राहिले ती वैशूसाठी. वैशू पॉलिटेक्निकला होती, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या दोन्ही घरांत एवढं शिकलेली पहिली मुलगी. रेडिओ खोलून त्याच्या तारा जमिनीवर मांडून बसायची. तू म्हणायचीस, "ही जोडती तरी का नुसतं खोलतीच?" जाताना हे म्हणाले, "पोरीला पण घेऊन चल." मी म्हणाले, "पोरीचा खर्च मी बघते." असं वाक्य मी संसारात पहिल्यांदाच बोलले, आणि ते मी तुझ्या पोत्याच्या भरवशावर बोलले होते, आक्का.

तुझं पोतं. चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यातून ठेकेदार रबराच्या कड्या आणून टाकायचा, मोटरसायकलीत बसणाऱ्या. साच्यातून निघाल्यावर कडेला पातळ साल चिकटून राहायची, ती बारक्या कात्रीनं काढायची. चांगल्या दिवसांत आपण आठ-दहा जणी हे काम हौसेला करायचो, साडी-बिडीसाठी. मंदी आली आणि तेच काम घर चालवायला लागलं. नेमकं तेव्हाच मोटरसायकली खपेनात, म्हणून कड्याही येईनात. जिथं पोती यायची तिथं एकच पोतं यायला लागलं, तेही कधी अर्धं. ठेकेदार तुला ओळखायचा, पोतं तुझ्या ओट्यावर पडायचं, वाटायचीस तू. स्टीलच्या डब्यानं मापून सगळ्यांना सारखं. त्यावरच आपलं वाजलं.

"आक्का, असं चिमूट-चिमूट वाटून कुणाचंच भागत नाय," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "ज्यांच्या घरात काहीच येत नाय अशी चार घरं धर. त्यांना पुरतं काम दे. ती चार तरी तगतील."

"आन् बाकीच्यांनी काय करावं? दारात उभं राहून बघावं?"

"बाकीच्यांचं काही ना काही चालू हाय."

"कुणाचं चालू हाय आन् कुणाचं नाय, ते कोण ठरवील? तू?"

"तू ठरव. तुझं सगळ्या ऐकत्यात."

तू डबा पोत्यात खुपसलास आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "माझ्याच्यानं नाय व्हायचं. आन् तू चार घराचं बोलू नको, सुमे. दुसरं काय पण बोल."

मला तेव्हा काय वाटलं ते आज सांगते. मला वाटलं, सगळ्यांना सारखं म्हटलं की त्यात तुझाही डबा आला. दादा रोज सकाळी रिक्षा घेऊन बाहेर पडत होते, म्हणजे तुझ्याकडं रोज काहीतरी येत असणार. चार घरं धरली असती तर तू बाहेर राहिली असतीस. चार घरांत माझं घर तर पहिलंच, हे मी बोलले नाही. ते सगळ्यांना दिसतच असेल असं मी धरून चालले होते.

पण त्या दुपारी, आक्का! राग एका बाजूला ठेवून सांगते, त्या दुपारी नसत्या तर मी वेडी झाले असते. तुझ्या ओट्यावर आपण सगळ्या पाय पसरून बसायचो, मध्ये कड्यांचा ढीग. हात काळे, भाकरीलासुद्धा रबराचा वास. रजिया भाभी, मंगल, कोपऱ्यातल्या खोलीत नव्यानं आलेली ती बाळंतीण मांडीवर पोर घेऊन. काम एवढंसं होतं की चहाच्या आधीच संपलं असतं, आणि संपलं की घरी जावं लागलं असतं. घरी नवरा भिंतीकडं तोंड करून पडलेला. म्हणून तूच म्हणालीस, "सावकाश गं. कुठं पळायचंय?" मग आपण सावकाश कापायला लागलो. एकेक कडी हातात घोळवायची, फिरवायची, पुन्हा एकदा कात्री लावायची. साल निघालेली असायची तरी लावायची. तू गल्लीतल्या एकेका पुरुषाची नक्कल करायचीस, दुपारी घरात हरवलेल्या. मंगल तोंडात पदर कोंबून हसायची. तिच्या घरी तर चूलसुद्धा एक वेळच पेटत होती.

रिकामे हात नकोत म्हणून लावलेली ती जास्तीची कात्रीच आपल्याला भोवली. कडीच्या आतल्या बाजूला एक नाजूक ओठ असतो, तेल अडवणारा. आपण तोच कातरत होतो. आपल्याला वाटत होतं, आपलं काम आता पूर्वीपेक्षा सफाईदार होतंय. बाळंतीण तर म्हणालीही होती, एवढं साफ काम बघून ते आपल्यालाच जास्त माल देतील. ठेकेदार आला तो ओरडत नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. त्यानं सगळा माल तुझ्या ओट्यावर परत ओतला. "मावशी, पूर्ण लॉट रिजेक्ट झाला. पोरीसोरींनी जादा कापलंय. आता माझ्या हातात काही नाही," एवढं बोलून तो गेला. त्यानंतर आपल्या गल्लीत पोतं आलं नाही. कितीतरी दिवस त्या कड्या तुझ्या दारात पडून होत्या, पोरं त्यांच्याशी खेळायची.

आणि नेमकं तेव्हाच स्थळ आलं. आधी सगळ्यांना कंपनीतला मुलगा हवा असायचा. त्या वर्षी उलटं झालं होतं, शेती असलेला हवा झाला होता. सिल्लोडकडचं घर, विहीर, म्हशी. देण्याघेण्याचं काही नाही म्हणाले. हे सोयगावहून आले, जेवले आणि म्हणाले, "असं स्थळ पुन्हा येणार नाय. तू खर्च बघते म्हणली व्हती. काय बघती, सांग." पोतं तर बंद झालं होतं. मी ताटं उचलली. वैशू आतल्या खोलीत होती, तिनं सगळं ऐकलं. रडारड केली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपचा डगला धुतला, इस्त्री केली आणि मैत्रिणीला देऊन टाकला. तिच्या जागी मी असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

तू धावत आली होतीस. यांच्यासमोर, डोक्यावर पदर नाही काही नाही. "भाऊ, पोरगी शिकू ऱ्हायली, एक वरीस थांबा. मी हात जोडते." यांनी पाठ फिरवली. बोलले मी. बाहेर येऊन, गल्लीला ऐकू जाईल अशी बोलले. "तुझ्यामुळं झालं हे. चार घरं धरली असती तर प्रत्येकीला पुरतं काम असतं, सावकाशीचे चोचले सुचले नसते, माल परत आला नसता. माझी पोर गेली ती तुझ्या डब्यानं गेली." तू तोंडाळ बाई, आक्का. आयुष्यात कुणाचं उधार ठेवलं नाहीस. त्या दिवशी तू एक शब्द बोलली नाहीस. माझ्याकडं बघत राहिलीस आणि मग घरात गेलीस. मला वाटलं, लागलं वर्मी. चूक कळली म्हणूनच गप्प बसली.

लग्न झालं. वऱ्हाड एका जीपमध्ये मावलं. तू आली होतीस, मांडवात मागं उभी होतीस. वैशू तुझ्या पाया पडायला गेली तेव्हा तू तिला धरून ठेवलंस, सोडेनासच. मी मुद्दाम दुसरीकडं बघत राहिले.

नंतर मंदी सरली म्हणतात. बस पुन्हा चौकात यायला लागली, पण तिच्यात वेगळीच पोरं होती, कमी पगाराची. यांना बोलावणं आलंच नाही. हे परत आले ते एका सोसायटीच्या गेटवर बसायला लागले, आणि मशीनबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. मी तुझ्याशी बोलत नव्हते. दारं समोरासमोर, आणि मी बाहेर पडताना मान वळवून जायचे. मग एका संक्रांतीला तू दारात उभी राहिलीस. "बोलू नको, सुमे, पण वाण घे. प्लास्टिकचं हाय, नाकारण्याइतकं मोठं नाय." मला हसू आलं. हसले ते हसलेच. तिथून बोलणं सुरू झालं. भाज्यांचे भाव, सुना, गुडघे, सगळं बोललो. चार घरांचं बोललो नाही.

वैशूचं वाईट झालं असंही नाही. नवरा बरा आहे, दोन मुलं आहेत, म्हशी ती बघते. फोन केला की "बरं आहे" म्हणते आणि "तुझं?" विचारते. तेवढंच. तिच्या घरातला मिक्सर बिघडला तर दुरुस्तीला तालुक्याला पाठवतात. मी एकदा म्हणाले, "तू खोलून बघ की." ती म्हणाली, "आता कुठं, आई." यात रडण्यासारखं काय आहे ते मला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. तुला सांगितलं असतं तर कळलं असतं. पण तुलाच कसं सांगणार होते?

दवाखान्यात त्या दिवशी तू माझा हात धरलास. पाणी चढलेला, जड हात. "सुमे, ते चार घराचं..." एवढंच म्हणालीस आणि मी घाईनं म्हणाले, "राहू दे, आक्का. मी कधीच माफ केलंय." तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मला वाटलं, बरं वाटलं तुला. आता कळतंय, तू थकली होतीस. आणि मी माफ केलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

काल तुझ्याकडं बसायला गेलो होतो, सगळ्या जुन्या. दादा खाटेवर बसले होते, कुणी बोललं की मान हलवत होते. ओट्यावर बायका बसल्या आणि बोलणं त्या वर्षावर गेलं. मंगल एकदम म्हणाली, "आक्का गेली, खोटं कशाला बोलू. मला बी तवा लई राग आला व्हता. सुमनताई म्हणत व्हत्या तशी चार घरं धरली असती तर माझं पोरगं वीटभट्टीवर गेलं नसतं." मला इतकं बरं वाटलं, आक्का, तुझ्याच दारात. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. मंगल बोटांवर मोजायला लागली. "मी. रजिया भाभी. कोपऱ्यातली बाळंतीण." आणि थांबली.

मी वाट बघत होते.

"आन् आक्का," रजिया भाभी म्हणाली. "चौथा घर आक्का का. दादा का रिक्षा तो नाम का था, सवारी कहाँ थी? दादा और हमारे ये, दोनों मोंढे के बाजार में बोरियाँ उठाते थे. आक्का ने बोला था, किसी को बोलना नक्को."

मी विचारलंच. तोंडातून निघून गेलं. "आन् आमचं घर?"

 मंगलला माझा प्रश्न कळलाच नाही. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "तुमच्याकडं सोयगावची ज्वारी येत व्हती की ओ, ताई."

आक्का, त्या चार घरांत माझं घर नव्हतंच, हे तुला माहीत होतं. पोत्यात डबा खुपसून "तू चार घराचं बोलू नको" म्हणालीस तेव्हाही माहीत होतं, आणि मी गल्लीसमोर तुला बोल लावले तेव्हाही. माझ्या तोंडावर फेकायला एवढं एकच वाक्य पुरलं असतं. तू कुणी देवी होतीस असं मी म्हणणार नाही. तुला निवड करायची भीती वाटत होती, आणि तुझ्या त्या सारख्या वाटणीनं मंगलचं पोर भट्टीवर गेलं, हेही खरं आहे. ती तुला माफ करो न करो, तो तिचा प्रश्न. पण माझ्याजवळ राग तरी होता. राग होता म्हणजे दुसरा एखादा रस्ता होता, त्या रस्त्यावर वैशू डगला घालून कामावर जात होती, आणि तो रस्ता तू अडवला होतास. ते चित्र मी रोज बघत होते. काल तुझ्या ओट्यावरून उठले तेव्हा ते नव्हतं.

आज सकाळी वैशूचा फोन आला. दहाव्याला येते म्हणाली. आणि म्हणाली, "आई, आता तरी आक्काचा राग सोड. ती गेली." मीच शिकवलेला राग तो. ती माहेरी आली की दर वेळी मी तिला सांगत आले, एका बाईनं ऐकलं असतं तर तू आज शिकलेली असतीस. ती ऐकून घ्यायची. तिनंही त्या रस्त्यावर स्वतःला कधी बघितलं असेल का, मी विचारलं नाही.

परवा ती समोर बसेल, आक्का. तुझ्या वाटणीत तिला पुरलं नाही. माझ्या चार घरांच्या वाटणीत तर तिचं नावच नव्हतं. हे तिला सांगू का नको, एवढं तरी बोलून जायचं होतंस.